करिंथची थकलेली वर्गणी

इ.स. ५५ च्या आसपास ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या ख्रिस्ती मंडळीने यरुशलेममधल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी द्यायचे कबूल केले. सुरुवात झाली, शेजारच्या प्रांतात वाहवाही झाली. वर्ष उलटले तरी रक्कम तयार नव्हती. याच काळात उत्तरेकडच्या मासेदोनियातल्या मंडळ्यांनी स्वतःची ओढाताण असताना ऐपतीबाहेर दिले. बंदरांच्या जोरावर चालणारे शहर मागे राहिले आणि ज्यांच्याकडे फारसे काही नव्हते ते पुढे गेले. हे का झाले, वर्गणी मागणारा ख्रिस्ती प्रेषित पौल याने ते कसे सावरले आणि रक्कम यरुशलेमला नेल्यावर जे बिनसले ते नेमके कुठे, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

आधार म्हणून पौलाची करिंथकरांस दोन पत्रे, रोमकरांस पत्राचा पंधरावा अध्याय आणि प्रेषितांची कृत्ये घेतली आहेत. पत्रे काम चालू असताना लिहिलेली आहेत. त्यांत आर्जव आहे, चिडचिड आहे, मधूनच ओशाळेपणाही आहे, आणि म्हणूनच ती कीर्दखतावणीसारखी वाचता येतात. कृत्ये लिहिणारा लूक मात्र या वर्गणीविषयी जवळजवळ मौन पाळतो. ते मौनही पुराव्यात धरावे लागते.

मागणी कुठून आली

क्लौद्य कैसराच्या कारकिर्दीत, ४६ ते ४८ च्या सुमारास, यहूदियात दुष्काळ पडला. अदियाबेनीच्या राणी हेलेनाने आलेक्सांद्रियातून धान्य आणि कुप्रातून सुकी अंजिरे मागवून यरुशलेमात वाटली, असे इतिहासकार योसेफस सांगतो. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि शौल, म्हणजेच पौल, यांच्या हाती मदत पाठवली, ती याच दुष्काळात. त्यानंतर ४८-४९ च्या सुमारास यरुशलेमात बोलणी झाली. तिथल्या मंडळीचे पुढारी याकोब, केफा (म्हणजे पेत्र) आणि योहान यांनी पौल व बर्णबा यांना परराष्ट्रीयांत, म्हणजे यहुदी नसलेल्यांत, काम करायला मोकळीक दिली आणि एकच गोष्ट सांगितली: गरिबांची आठवण ठेवा.

त्यामुळे या वर्गणीला पहिल्यापासून दोन हेतू होते. एक उघड, पोटाचा. दुसरा असा की सुंता न झालेल्या ग्रीकांची मंडळी आणि मोशेचे नियमशास्त्र पाळणारी यरुशलेमची मंडळी एकाच घरची आहेत, हे यरुशलेमने ती रक्कम स्वीकारून मान्य करावे. पहिला हेतू पैसे पोचले की पुरा होतो. दुसरा, घेणाऱ्याने हात पुढे केला तरच. पौलाची जवळजवळ सगळी व्यवस्था देणाऱ्यांच्या बाजूची होती. पुढे जे घडले त्याचे मूळ आम्हाला तिथे दिसते.

पहिली योजना: घरातली पुरचुंडी

इफिसाहून लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी पौल चार वाक्यांत कार्यपद्धती देतो. गलतीयातल्या मंडळ्यांनाही हीच सांगितली आहे, असे म्हणतो. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने, आपल्या कमाईच्या मानाने, स्वतःजवळ काही बाजूला काढून ठेवावे, म्हणजे मी आल्यावर गोळा करायची धावपळ नको. मी आलो की तुम्ही पसंत केलेल्या माणसांना पत्रे देऊन यरुशलेमला पाठवीन. गरज वाटल्यास मीही बरोबर जाईन.

आपल्याकडे रविवारच्या पाकिटाचे समर्थन करताना हे वचन हमखास पुढे केले जाते, पण मुळात ते पाकीट नाही. ‘स्वतःजवळ’ म्हणजे घरी. करिंथच्या मंडळीला इमारत नव्हती, लोक कुणाच्या तरी घरी जमत. मंडळीची पेटी नव्हती, खजिनदार नव्हता. दशमांशाचाही इथे पत्ता नाही. ठरीव हिस्सा न मागता पौल ज्याचे जसे भागले असेल तसे मागतो, कारण मंडळीत रोजंदारीवरचे होते, दास होते आणि थोडे बरे कमावणारेही होते. या कामाला तो ‘लोगैया’ हा शब्द वापरतो. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर आणि खापरांवर देवळांसाठी होणाऱ्या वसुलीला हाच शब्द आहे. मराठी बायबलमधला ‘वर्गणी’ त्याला चपखल बसतो.

हिशेब समजण्यापुरते उदाहरण घेऊ. एक दिनार म्हणजे मजुराची साधारण एका दिवसाची मजुरी, आणि दिनाराचे चार सेस्तर्स. समजा चाळीस जणांनी दर आठवड्याला एकेक सेस्तर्स बाजूला ठेवला. आठवड्याचे दहा दिनार, वर्षाचे ५२०. चांदीत जवळजवळ २ किलो वजन. त्याचीच सोन्याची नाणी केली तर २५ दिनारांना एक या भावाने २१ नाणी, सुमारे १६० ग्रॅम, कमरेच्या कशात मावतील एवढी. थेंबे थेंबे तळे साचे, हे गणित या पद्धतीत पक्के होते.

पद्धतीचे दोन गुण लगेच दिसतात. एकरकमी मागणीचा दाब टळतो, आणि रक्कम कुणा एकाच्या हाती नसल्याने कुणी ती खाऊ शकत नाही. दोष त्या दुसऱ्या गुणाच्या पोटातच होता. एकत्र बेरीज कुठेच होत नव्हती. कुणी चार महिने ठेवले आणि पाचव्या महिन्यात मोडून खाल्ले, कुणी सुरूच केले नाही, हे कळायला मार्ग नव्हता. काम थांबले ते आवाज न होता थांबले. गल्लीतल्या मंडळाचा पोरगासुद्धा पावती पुस्तकाची पाने मोजून सांगतो कुठल्या चाळीचे यायचे राहिले. करिंथमध्ये मोजायला पाने नव्हती.

थकबाकीची कारणे

गरिबी हे कारण नव्हते. पौल स्वतः करिंथकरांच्या ‘विपुलते’चा उल्लेख करतो. पहिल्या पत्रात प्रभुभोजनाच्या वेळी एक भुकेला राहतो आणि एक पिऊन तर्र होतो अशी त्याची तक्रार आहे. म्हणजे ताटात वाढायला काहींकडे होते.

खरे कारण पौल आणि मंडळी यांच्यातल्या भांडणात आहे. मधल्या काळात त्याची एक भेट कडवटपणात संपली. त्यानंतर त्याने रडत रडत एक कडक पत्र लिहिले. त्यातच दुसरे उपदेशक करिंथमध्ये आले. ते मानधन घेत. पौल करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरी आणि मंडळीकडून छदामही घेत नसे. आपल्याला हे मोठेपणाचे वाटते, पण करिंथमध्ये ते अपमानाचे होते.

इ.स.पू. ४४ मध्ये यूल्य कैसराने नव्याने वसवलेली ही रोमी वसाहत आश्रयदात्यांवर चाले. श्रीमंताने द्यायचे, घेणाऱ्याने त्याचे गोडवे गायचे आणि उपकारात राहायचे. देणगी नाकारणे म्हणजे मैत्री नाकारणे. तिथल्या नाट्यगृहाजवळ १९२९ मध्ये एक शिलालेख सापडला: एरास्त नावाच्या माणसाने नगराधिकारी झाल्याबद्दल स्वखर्चाने फरसबंदी करून दिली. रोमकरांसच्या पत्रातला नगराचा कारभारी एरास्त तो हाच का, यावर अभ्यासकांत एकमत नाही, पण शहराची रीत त्या एका ओळीत कळते. दान करायचे, त्यावर नाव कोरायचे, बदल्यात मान घ्यायचा. पौलाच्या वर्गणीत नाव कोरायला जागाच नव्हती. घेणारे हजारभर किलोमीटरवर समुद्रापलीकडे, न पाहिलेले लोक. ते परत काय देणार? देवळाच्या पंख्यावर आणि चर्चच्या बाकावर देणगीदाराचे नाव रंगवणाऱ्या आपल्या समाजाला करिंथकरांचा हा पेच परका वाटू नये.

त्यातून एक बोचरा प्रश्न निघाला. करिंथकडून न घेणारा पौल मासेदोनियाकडून मात्र घेत होता, हे त्यानेच कबूल केले आहे. मग आमच्याकडून उघड न घेता वर्गणीच्या नावाखाली आडून घेतो की काय? दुसऱ्या पत्राच्या शेवटच्या भागात हा संशय तो स्वतः उद्धृत करतो: मी धूर्त, मी तुम्हाला युक्तीने पकडले, असे म्हणता ना? मग आपला सहकारी तीत याच्याविषयी विचारतो, तीताने तुम्हाला लुबाडले काय? आज एकसंध दिसणारे हे पत्र मुळात एकाहून अधिक पत्रे असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. कुठल्याही क्रमाने लावली तरी पैशांबद्दलचा संशय होता, हे बदलत नाही.

आणखी एक चूक पौलाची स्वतःची. त्याने मासेदोनियात सांगितले की अखया प्रांत, म्हणजे करिंथ ज्यात येते तो, गेल्या वर्षापासून तयार आहे. ते ऐकून मासेदोनिया पेटून उठला. आता मासेदोनियाचे लोक त्याच्याबरोबर करिंथला येणार आणि तिथे पुरचुंड्या रिकाम्या निघाल्या, तर? दुसऱ्या पत्राच्या नवव्या अध्यायात तो लिहितो की मग आमची, तुमची म्हणत नाही, फजिती होईल. ‘तुमची म्हणत नाही’ हा टोमणा फार मऊ हाताने मारलेला आहे. आधी एका गावाची फुशारकी सांगून दुसऱ्याला चढवायचे, मग दुसऱ्याच्या त्यागाने पहिल्याला लाजवायचे, ही युक्ती वर्गणी गोळा करणाऱ्यांना आजही सुचते. ती चालते, पण एकदाच, आणि दोन्ही गावे एकमेकांना भेटेपर्यंत.

दुरुस्ती

दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे अध्याय म्हणजे दुरुस्तीचा आराखडा. त्यांत पैसा या अर्थाचा शब्द एकदाही येत नाही. ‘खारिस’ म्हणजे कृपा हा शब्द मात्र दहा वेळा येतो, कधी देवाच्या देण्यासाठी, कधी माणसांच्या. उपकार आणि परतफेड या शहरी भाषेतून विषय बाहेर काढायचा हा प्रयत्न आहे: तुम्ही द्याल ते तुमचे नाही, तुम्हालाच मिळालेले पुढे सरकते आहे.

शब्दांइतकीच व्यवस्थाही बदलली. आधी रकमेचा प्रश्न मोकळा केला. ज्याच्याजवळ आहे त्यातून द्यावे, नाही त्यातून नाही. दुसऱ्यांना आराम आणि तुम्हाला अडचण असे नको, समानता हवी. दाखला मान्न्याचा, म्हणजे इस्राएल लोकांना रानात देवाकडून मिळालेल्या अन्नाचा: ज्याने फार गोळा केले त्याचे उरले नाही, थोडे केले त्याला कमी पडले नाही. मासेदोनियाने ऐपतीबाहेर दिले हे सांगूनही तो करिंथकडे तेवढे मागत नाही. ‘आज्ञा म्हणून सांगत नाही’ असे स्पष्ट लिहितो.

मग माणसे. काम ज्याने सुरू केले होते त्या तीतालाच पुन्हा पाठवले, कारण करिंथशी त्याचे संबंध बिघडले नव्हते. त्याच्याबरोबर दोन बंधू. एक सर्व मंडळ्यांत नावाजलेला आणि मंडळ्यांनी निवडलेला. निवडीसाठी वापरलेल्या क्रियापदाचा मूळ अर्थ हात वर करून मत देणे असा आहे. दुसरा अनेक प्रसंगी पारखलेला. तिघांत पौल नाही. कारणही तो लपवत नाही: एवढ्या मोठ्या रकमेच्या कामात कुणी आम्हाला दोष लावू नये. प्रभूच्या दृष्टीने योग्य तेवढे पुरेसे नाही, माणसांच्या दृष्टीनेही योग्य हवे.

‘देवाला सगळे ठाऊक आहे’ म्हणून हिशेब टाळणारे कारभारी प्रत्येक पंथात भेटतात. पहिल्या शतकातल्या या व्यवहारात उलटे आहे. निवड देणाऱ्यांनी केली, रक्कम एकट्याच्या हाती राहिली नाही आणि गोळा करणारा पैशांपासून लांब उभा राहिला. यहुदी समाजात याची जुनी घडी होती. परदेशातले यहुदी दरवर्षी मंदिरासाठी माणशी अर्धा शेकेल पाठवत आणि तो नेण्यासाठी प्रतिष्ठित माणसे निवडत. अशा पैशावर सरकारी डोळाही असे. इ.स.पू. ६२ मध्ये आशियाचा सुभेदार फ्लाक्कस याने हे सोने जप्त केले. अपामीयात जवळजवळ १०० पौंड आणि लावदिकियात २० पौंडांहून थोडे अधिक. रोमी वक्ता किकेरो याने पुढे त्याच्या बचावाच्या भाषणातच हे आकडे दिले आहेत.

तिसरी गोष्ट वेळेची. तिघांनी पौलाच्या आधी पोचायचे आणि रक्कम तयार ठेवायची, म्हणजे ती राजीखुशीची देणगी ठरेल, उकळलेली नाही. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे सुप्रसिद्ध वाक्य याच ठिकाणचे. भिंतीवर टांगलेले ते वाक्य गोड वाटते. मुळात ते एका थकबाकीदार मंडळीला, वसुलीची तारीख ठरवून, लिहिलेले आहे.

उपाय लागू पडला. पुढच्या हिवाळ्यात पौल करिंथमध्ये राहिला आणि तिथून रोमकरांस लिहिताना त्याने नोंदवले की मासेदोनिया आणि अखया यांनी वर्गणी आनंदाने केली. गलतीयाचे नाव या ओळीत नाही. एकूण रकमेचा आकडा कुठल्याच पत्रात नाही.

रक्कम निघाली

लूकने सोबत्यांची यादी दिली आहे: बिरुयाचा सोपत्र, थेस्सलनीकेचे अरिस्तार्ख आणि सकुंद, दर्बेचा गायस, तीमथ्य, आणि आशियाचे तुखिक व त्रफिम. सात जण. वर्गणीचे नाव न घेता तो फक्त माणसे मोजतो, पण प्रांतवार प्रतिनिधी असल्यासारखी ही यादी दुसऱ्या कशाने नीट उलगडत नाही. करिंथचा एकही माणूस तिच्यात नाही.

बेत किंख्रियाच्या बंदरातून सूरियाकडे जहाजाने जाण्याचा होता. निघता निघता पौलाविरुद्ध कट असल्याचे कळले. चिंचोळ्या जहाजावर, रोख रक्कम बरोबर असताना, तो धोका पत्करण्यासारखा नव्हता. म्हणून ते खुष्कीच्या मार्गाने पुन्हा मासेदोनियात गेले. बेखमीर भाकरीचा सण फिलिप्पैत झाला, मग पाच दिवसांत त्रोवस, आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने. मिलेतात इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा, म्हणजे पुढाऱ्यांचा, निरोप घेताना पौल म्हणतो की मी कुणाच्या सोन्याचा, रुप्याचा किंवा वस्त्राचा लोभ धरला नाही. लूकच्या पानावर हे वाक्य अधांतरी वाटते. बोलणाऱ्याच्या सोबत्यांच्या कमरेला अनेक मंडळ्यांचा पैसा बांधलेला आहे हे लक्षात घेतले की ते जागेवर बसते.

यरुशलेमात

निघण्यापूर्वीच त्याला भीती होती, पण ती चोरांची नव्हती. रोमकरांना तो प्रार्थना करायला सांगतो की यहूदियातल्या विश्वास न ठेवणाऱ्यांपासून माझी सुटका व्हावी, आणि यरुशलेमसाठीची माझी सेवा पवित्र जनांना पसंत पडावी. भुकेल्यांना मदत पसंत पडेल की नाही ही शंका चमत्कारिक वाटते. तिचे उत्तर दुसऱ्या हेतूत आहे. सुंता न झालेल्यांचा पैसा घेणे म्हणजे त्यांना आपले मानणे, आणि ५७ च्या सुमाराच्या यरुशलेमात, जिथे रोमविरोधी कडवेपणा वाढत होता, याकोबाला ते परवडणारे नव्हते.

स्वागत प्रेमाने झाले. दुसऱ्या दिवशी याकोब आणि वडील यांनी हकिकत ऐकून देवाची स्तुती केली आणि लगेच अडचण मांडली: नियमशास्त्राचे कट्टर अभिमानी असलेले हजारो विश्वासणारे ऐकून आहेत की तू मोशेला सोडायला शिकवतोस. उपाय त्यांनी सुचवला. नवस केलेले चार जण आहेत, त्यांच्याबरोबर शुद्ध हो आणि त्यांचा खर्च दे. बायबलमधल्या गणना या पुस्तकातल्या नियमाप्रमाणे नाजीराच्या, म्हणजे ठरावीक काळ देवाला वाहून घेण्याच्या, नवसाच्या समाप्तीला माणशी एक कोकरू, एक मेंढी आणि एक मेंढा लागत, शिवाय बेखमीर भाकरींची टोपली आणि द्राक्षारसाचे अर्पण. चौघांचे मिळून बारा जनावरे. दुसऱ्याच्या नवसाचा असा खर्च उचलणे हे त्या शहरात पुण्याचे आणि सर्वांना दिसणारे काम होते. पौलाने ते केले. तो पैसा कुठून आला हे लूक लिहीत नाही.

वडिलांनी पौलाची निष्ठा सिद्ध करायची सोय केली. त्याच्याबरोबर आलेल्या ग्रीकांचे काय, याची सोय कुणीच केली नाही. सात दिवस संपत आले तेव्हा आशियातल्या काही यहुद्यांनी पौलाला मंदिरात पाहिले. त्याआधी त्यांनी इफिसचा त्रफिम त्याच्याबरोबर शहरात पाहिलेला होता. त्यालाही आत नेले असणार, असे त्यांनी गृहीत धरले. मंदिराच्या आतल्या अंगणाला कठडा होता आणि त्यावर ग्रीकमध्ये पाट्या होत्या: परक्याने पलीकडे पाऊल टाकले तर ओढवणाऱ्या मरणाला तो स्वतः जबाबदार. यांतली एक अखंड पाटी १८७१ मध्ये सापडली. आरोळी उठली, शहर उसळले, पौलाला मंदिराबाहेर ओढले आणि रोमी सरदाराने शिपाई आणून त्याला सोडवले, म्हणजे अटक केली.

आमच्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. त्रफिम यरुशलेमात होता याचे कारण पौलाची चोख व्यवस्था. देणाऱ्यांचा विश्वास राहावा म्हणून त्यांची माणसे बरोबर हवी होती. तीच माणसे घेणाऱ्यांच्या शहरात डोळ्यांत भरली. करिंथच्या संशयावरचा इलाज यरुशलेमच्या संशयाचे निमित्त ठरला. पौलाकडे दुसरा मार्ग होता का? रक्कम दोन-तीन यहुदी विश्वासणाऱ्यांच्या हाती गुपचूप पाठवता आली असती. पोट भरण्याचा हेतू पुरा झाला असता आणि ग्रीकांनी यरुशलेमला जाऊन एका घरचे ठरण्याचा हेतू तिथेच संपला असता. याकोबाशी आधी निरोपानिरोपी करून रक्कम कुठे, कुणासमोर आणि कशी द्यायची हे ठरवणे शक्य होते. पण या पत्रांत करिंथ, मासेदोनिया, अखया यांच्याशी जेवढी देवाणघेवाण दिसते, तिच्या शतांशही यरुशलेमशी दिसत नाही.

वर्गणी स्वीकारल्याची नोंद लूकने केलेली नाही, नाकारल्याचीही नाही. कैसरीयात सुभेदार फेलिक्सपुढे बचाव करताना पौल एकदाच म्हणतो की बऱ्याच वर्षांनी मी आपल्या लोकांसाठी दानधर्म घेऊन आलो होतो. फेलिक्सने ते ऐकले. पौलाकडून पैसे मिळतील या आशेने तो त्याला वारंवार बोलावून गप्पा मारी, असे लूक लिहितो. हे दोन वर्षे चालले. मग पोर्क्य फेस्त नवा सुभेदार म्हणून आला, आणि फेलिक्स पौलाला कैदेत ठेवून निघून गेला.